उजळाईवाडी ते मुंबई : ३०९ किलोमीटरचा हिशेब

कागल पंचतारांकित एमआयडीसीत तयार होणारा माल विमानानं जात नाही. बिडाचे सिलिंडर हेड, ब्रेक ड्रम, पंपाच्या बॉड्या, इंजिनांचे ब्लॉक रात्री ट्रकवर चढतात आणि महामार्गानं पुण्याची, चेन्नईची नाहीतर न्हावाशेवा बंदराची वाट धरतात. कापड आणि चादरी कंटेनरमध्ये भरून निघतात. विमानानं जातो तो माणूस. कारखान्याचा मालक, प्लँट हेड, क्वालिटीचा इंजिनिअर, ऑडिटला आलेला गिऱ्हाइकाचा प्रतिनिधी, मशीन बसवायला आलेला परदेशी तंत्रज्ञ. फार तर त्याच्या सामानात नमुन्याचं एखादं कास्टिंग असतं, किंवा बंद पडलेल्या सीएनसी मशीनचं एखादं कार्ड.

म्हणून या पट्ट्यात विमानाचा विषय निघाला की बोलणं माणसाच्या दिवसाभोवती फिरतं. सकाळी निघून मुंबईतलं काम उरकून रात्री घरी येता येतं का? बाकी सगळं, तिकिटाचा दर, टर्मिनलची इमारत, कंपनीचं नाव, त्यानंतर येतं. मी हा लेख लिहायला घेतला तेव्हा दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ एवढाच साधा विषय डोक्यात होता. तो साधा नाही, हे हिशेब मांडताना कळत गेलं.

अंतर आधी घेऊ, कारण ते ठाम आहे. कोल्हापूरचं विमानतळ उजळाईवाडीच्या माळावर, १६.६६ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७४.२९ रेखांशावर. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ १९.०९ अक्षांशावर, ७२.८७ रेखांशावर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा मुंबई आपल्यापासून २७० किलोमीटर उत्तरेला झाली. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जाऊ तसा आकुंचन पावतो. आपल्या भागात तो साधारण १०६ किलोमीटरचा. म्हणजे मुंबई १५० किलोमीटर पश्चिमेला. शाळेत शिकलेलं पायथागोरसचं प्रमेय लावलं की कर्ण येतो ३०९ किलोमीटर. वैमानिकाच्या भाषेत १६७ नॉटिकल मैल. पृथ्वीच्या गोलाईमुळे लांबच्या प्रवासात हे सोपं गणित चुकतं, इतक्या जवळच्या अंतरात ते पुरेसं आहे.

नकाशावर ही सरळ रेघ ओढून पाहा. पन्हाळा डाव्या हाताला ठेवून ती निघते, कोयनेच्या शिवाजीसागराजवळून जाते, बरोबर अर्ध्या वाटेवर प्रतापगडाच्या परिसरात येते, मग रायगडाच्या पश्चिमेनं थोड्या अंतरावरून पुढे सरकून कोकणपट्टीतून मुंबईत शिरते. प्रत्यक्ष विमान हवाई मार्गांनुसार आणि नियंत्रण कक्षाच्या सूचनांनुसार वळणं घेतं, पण पावसाळा सरल्यावर स्वच्छ दिवशी डावी-उजवीकडची खिडकी मिळाली तर ज्या मुलखातून पायी, घोड्यावर स्वराज्य उभं राहिलं तो मुलूख एका नजरेत मावतो. मला हे दृश्य फार मोलाचं वाटतं. खाली पाहिलं की रस्ता आणि रेल्वे इतके लांबून का जातात तेही समजतं.

कारण तीच दोन शहरं जोडणारा रस्ता पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे जातो आणि रेल्वे ५१८ किलोमीटर घेते. सह्याद्रीच्या माथ्यावरून सरळ रूळ टाकता येत नाहीत. कोल्हापूरची गाडी आधी पूर्वेला ४७ किलोमीटर मिरजेला जाते, १८९१ साली सुरू झालेल्या त्या जुन्या फाट्यावरून; तिथून सांगली, कराड, सातारा करत पुणे, आणि मग बोरघाट उतरून मुंबई. हवेतल्या ३०९ च्या तुलनेत जवळजवळ पावणेदोनपट. तरीही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं कित्येक पिढ्या मुंबईला गेल्या आणि आजही जातात. रात्री बसायचं, सकाळी उतरायचं. हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा, कारण विमानाची खरी स्पर्धा मोटारीशी कमी आणि या रात्रीच्या झोपेशी जास्त आहे.

आता वेळ. वेळापत्रकात कोल्हापूर-मुंबई उड्डाण तासभराचं, कधी त्याहून थोडं जास्त दाखवतात. एटीआर-७२ हे पंख्याचं विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं, एम्ब्रेअर १७५ हे जेट ८०० च्या घरात. मग ३०९ किलोमीटरला तास का? भागाकार केला तर एटीआरला सदतीस मिनिटं पुरावीत.

वेळापत्रकातली वेळ ही हवेतली वेळ नसते, हे पहिलं कारण. विमानाच्या चाकाखालचा अडसर काढल्यापासून मुंबईत तो पुन्हा लागेपर्यंतचा सगळा काळ तीत धरलेला असतो. इंजिन सुरू करणं, धावपट्टीच्या टोकाला जाणं, मुंबईत उतरल्यावर टॅक्सी-वेवरून रांगेत थांबत जागेवर पोचणं, सगळं आलं. दुसरं कारण उंचीचं. वैमानिकांचा एक जुना ठोकताळा आहे : हजार फूट खाली उतरायला तीन नॉटिकल मैल लागतात. अठरा हजार फुटांवर असलात तर ५४ मैल, म्हणजे शंभर किलोमीटर आधीच उतरायला सुरुवात करावी लागते. चढण्यात सत्तर-ऐंशी किलोमीटर गेलेले असतात. राहिले किती? जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटर. विमान आपल्या पूर्ण वेगानं उडतं ते एवढ्याच पट्ट्यात. एटीआर तो पट्टा सोळा-सतरा मिनिटांत कापतं आणि जेट दहा मिनिटांत. म्हणजे कितीही वेगवान विमान आणलं तरी या मार्गावर वाचणार ती सहा-सात मिनिटं. अहमदाबादसारख्या ७३४ किलोमीटरच्या मार्गावर जेटचा वेग दिसून येतो, ५३२ किलोमीटरच्या बेंगळुरूला किंवा ४४५ किलोमीटरच्या हैदराबादलाही काही प्रमाणात, मुंबईला नाही.

तिसरं कारण मुंबई स्वतः. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच वाहतूक चालते. अशा एका धावपट्टीवर दिवसाला नऊशे-हजार विमानांची ये-जा. उतरण्यासाठी रांग लागली की कोल्हापूरहून आलेलं छोटं विमानही समुद्रावर नाहीतर डोंगरावर घिरट्या घालत थांबतं. तासातली कितीतरी मिनिटं ही अशी थांबण्याची असतात.

इथवरचा हिशेब विमानतळ ते विमानतळ झाला. कागलच्या माणसाचा हिशेब कारखान्याच्या गेटपासून सुरू होतो, आणि या बाबतीत तो नशीबवान आहे. पंचतारांकित वसाहतीतून लक्ष्मी टेकडीजवळ महामार्गाला लागलं की गोकुळ शिरगाव ओलांडून उजळाईवाडी अगदी हाकेच्या अंतरावर, दहा-बारा किलोमीटर. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा किंवा रेमंडचा कारखाना ज्या वसाहतीत आहे, तिथून विमानतळ इतकं जवळ असणं ही सगळ्याच औद्योगिक वसाहतींना लाभलेली गोष्ट नाही. वीस-पंचवीस मिनिटं धरा. आधी पोचण्याचा तास धरा. उड्डाणाचा तास. मुंबईत सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, आणि पुढे अंधेरीहून तळोजा, पवई, लोअर परळ जिथं काम असेल तिथं तास-दीड तास. चार-साडेचार तास झाले. मोटारीनं हेच सात-आठ तासांचं काम, तेही सातारा-कागल दरम्यान सहापदरीकरणाची कामं चालू असताना कुठं अडकलं नाही तर.

चार-साडेचार विरुद्ध आठ. विमान जिंकलं असं वाटतं, पण सुटण्याची वेळ बघेपर्यंतच. विमान दुपारी एकला निघत असेल तर माणूस मुंबईतल्या कचेरीत पोचतो चार वाजता, सगळे चहा घेऊन आवरायला लागतात तेव्हा. काम दुसऱ्या दिवशी. परतीचं विमान दुपारच्या आधी असेल तर काम अर्धवट टाकून निघायचं, नाहीतर आणखी एक मुक्काम. एका तासाच्या उड्डाणापायी दोन दिवस आणि एक हॉटेलची रात्र खर्ची पडते. त्याच वेळी रात्री दहाच्या लक्झरीत बसलेला माणूस सकाळी मुंबईत उतरतो, अंघोळ करून दहाला मीटिंगला हजर होतो, संध्याकाळी पुन्हा बसतो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात असतो. कामाचा त्याचा एकच दिवस गेला. फौंड्रीवाल्यांना हे गणित कुणी शिकवावं लागत नाही. विमानाचं वेळापत्रक हातात आलं की ते भाडं बघायच्या आधी सुटण्याची वेळ बघतात.

मग विमान सकाळी साडेसहाला का निघत नाही? कारण त्यासाठी ते रात्री उजळाईवाडीत मुक्कामाला असायला हवं. प्रादेशिक कंपन्यांची विमानं रात्री त्यांच्या मुख्य तळावर असतात. सकाळी ती आपल्या तळावरून बाहेर पडतात, एक-दोन ठिकाणी जाऊन येतात, आणि कोल्हापूरसारख्या गावाच्या वाट्याला दिवस वर आल्यावर पोचतात. शिवाय मुंबईत सकाळी आणि संध्याकाळी उतरण्याची वेळ मिळवणं अवघड. त्या वेळा मोठ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं धरून ठेवलेल्या. छोट्या विमानाला दुपार मिळते. आणि कित्येक वर्षं कोल्हापुरात रात्री उतरण्याची सोयच नव्हती. ती झाली २०२२ च्या सुमाराला. त्याआधी सूर्य मावळला की उजळाईवाडीचा दिवस संपायचा. संध्याकाळी मुंबई सोडून इथं येण्याचा प्रश्नच नव्हता.

हे विमानतळ तसं फार जुनं. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली ते उभं राहिलं. टाटांच्या टपालसेवेचं पहिलं विमान उडून तेव्हा सातच वर्षं झाली होती. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीहून मुंबईला ते आणलं. एका संस्थानी राजाला आपल्या राजधानीला धावपट्टी हवी असं त्या वेळी वाटलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. रंकाळ्याच्या काठी, पंचगंगेच्या खोऱ्यात शेती आणि कुस्तीत रमलेल्या गावाला त्या राजानं आकाशातला रस्ता मोकळा करून दिला आणि पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, त्याचं निधन झालं. आज विमानतळ त्याच्याच नावानं ओळखलं जातं.

नंतरची कहाणी मात्र सुरू होण्या-बंद पडण्याची आहे. १,३७० मीटरची धावपट्टी, तीवर छोटी विमानं. २०११ च्या अखेरीस किंगफिशरनं मुंबईची सेवा थांबवली आणि पुढची सहा-सात वर्षं नियमित प्रवासी विमान आलंच नाही. याच काळात कागलची वसाहत वाढत होती. परदेशी गिऱ्हाईक पुण्याला किंवा बेळगावला उतरून मोटारीनं येत होतं. ऑर्डर द्यायच्या आधी साहेब विचारायचे, तुमच्याकडे यायचं कसं? या प्रश्नाला नीट उत्तर नसणं हे कारखानदाराला किती लागतं, ते ज्यानं अनुभवलं त्यालाच ठाऊक.

उडान योजना आली तेव्हा परिस्थिती हलली. साधारण पाचशे किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांवर अडीच हजारांची मर्यादा, कंपनीला होणारा तोटा तीन वर्षं सरकार भरून देणार, अशी ती योजना. एप्रिल २०१८ मध्ये एअर डेक्कनचं अठरा-एकोणीस आसनांचं विमान मुंबईहून आलं. ते फार काळ टिकलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात अलायन्स एअरनं हैदराबाद आणि बेंगळुरू जोडलं. २०१९ च्या मे महिन्यात इंडिगोचं तिरुपती, सप्टेंबरात ट्रूजेटचं मुंबई. ट्रूजेट बंद पडलं तशी मुंबई पुन्हा तुटली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टार एअरनं ती परत जोडली. ही कंपनी मुळात कोल्हापूरच्याच घोडावत समूहाची. तिची पहिली उड्डाणं २०१९ च्या जानेवारीत सुरू झाली ती कर्नाटकातून. घरच्या धावपट्टीवर मुंबईची सेवा यायला पावणेचार वर्षं लागली.

तिरुपतीचं वेगळं सांगायला हवं. कोल्हापूर आणि तिरुपती हे नातं उद्योगाचं नाही, देवाचं आहे. नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून अंबाबाईला शालू येतो. हरिप्रिया एक्स्प्रेस ही दोन गावं जोडते, जवळजवळ एक दिवस घेते. हवेतून अंतर ६५७ किलोमीटर. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेली कितीतरी वयस्क माणसं या मार्गानं गेली, धोतर-नऊवारीत, हातात नारळाची पिशवी घेऊन. मुंबईच्या विमानाला वेळापत्रक छळतं, तिरुपतीच्या प्रवाशाला नाही. तो मुक्कामाच्या तयारीनंच निघालेला असतो. एकाच धावपट्टीवरून निघणाऱ्या दोन प्रवाशांना वेळ इतकी वेगवेगळी लागते.

मोठी विमानं का येत नाहीत, या प्रश्नाचं उत्तर जमिनीत आहे आणि हवेतही. उजळाईवाडीचा माळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. हवा विरळ. एप्रिल-मे महिन्यात तापमान अडतीस-चाळीसवर गेलं की ती आणखी विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो, आणि उडण्याआधी विमानाला जास्त लांब धावावं लागतं. मुंबईत समुद्राच्या पातळीवर जे विमान आरामात उडेल, त्याला इथं प्रवासी नाहीतर इंधन कमी करावं लागतं. धावपट्टी आता १,९३० मीटर झाली आहे आणि २,३०० मीटरची योजना आहे. बेळगावच्या सांबऱ्याला ती २,३०० मीटर आधीपासून आहे. दुसऱ्या महायुद्धात बांधलेलं ते विमानतळ कागलहून शंभरेक किलोमीटरवर. कोगनोळीचा नाका ओलांडला की दीड-दोन तासांत तिथं पोचता येतं, आणि उजळाईवाडीचं विमान नसलं की कागलची माणसं तिथं जातात. आता गोव्यातलं मोपाही आहे, जानेवारी २०२३ पासून. आजरा-आंबोली उतरून सावंतवाडीकडून तिथं जाणारे कमी नाहीत. दिल्लीला जायचं म्हटलं की या सगळ्या पर्यायांची बेरीज-वजाबाकी करावी लागते.

पण काही दिवस असे येतात की बेळगाव नाही, पुणं नाही, फक्त उजळाईवाडी. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि पुण्याकडची वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. दक्षिणेला निपाणीच्या अलीकडे यमगर्णीजवळ वेदगंगा रस्त्यावर आली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. नकाशा पाहिला तर कागल, पंचतारांकित वसाहत, गोकुळ शिरगाव आणि विमानतळ हे सगळं या दोन नद्यांच्या मधल्या उंच माळावर. चहूबाजूंनी पाणी आणि मध्ये कारखाने. ट्रक उभे, माल पडून, पुण्यातल्या वाहन कंपन्यांचे फोनवर फोन. अशा वेळी मधल्या बेटावर एक चालू धावपट्टी असणं म्हणजे काय, हे त्या आठवड्यात सगळ्यांना उमगलं. विमानतळाच्या बाजूनं बोलताना लोक प्रवासी संख्या सांगतात. मी पूर सांगेन.

१० मार्च २०२४ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. देखणी इमारत आहे, गर्दीच्या वेळी पाचशे प्रवासी सामावतील एवढी. त्यामुळे पाहुण्याला आणताना मान खाली घालावी लागत नाही, हे खरंच. तरी मला विचाराल तर कागलच्या दृष्टीनं टर्मिनलपेक्षा रात्री मुक्कामाला थांबणारं एक विमान अधिक मोलाचं आहे. पहाटे साडेसहाला सुटणारं आणि संध्याकाळी सातनंतर मुंबईहून निघणारं. मुंबईतल्या वेळेचा अडथळा आता कदाचित सैल होईल. पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि डिसेंबरात तिथून उड्डाणं सुरू झाली. उजळाईवाडीहून ते सरळ रेषेत २९० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा वीसेक किलोमीटर जवळ. त्याहून महत्त्वाचं म्हणजे न्हावाशेवा बंदर आणि तळोजा त्याच्या शेजारी. कागलच्या निर्यातदाराचा कंटेनर जिथं जातो तिथंच तो स्वतः उतरू शकेल. पहाटेची एक वेळ तिथं कोल्हापूरसाठी मागून घ्यावी, आणि त्यासाठी इथल्या औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी एकत्र बसावं. तीन वर्षांची सरकारी मदत संपली की बंद पडणारी सेवा नको असेल, तर दरमहा अमुक आसनं आम्ही भरतो, असं कंपनीला लेखी सांगण्याची तयारीही हवी. आसनं रिकामी गेली म्हणून विमान गेलं आणि विमान नाही म्हणून प्रवासी बसकडे गेले, हा फेरा इथं बऱ्याचदा झाला आहे.

धावपट्टी वाढते तेव्हा कुणाचं तरी शेत जातं, तेही याच लेखात यायला हवं. गडमुडशिंगीच्या शेतकऱ्यांची जमीन विस्तारासाठी लागते, आणि ती माळाची पडीक जमीन नाही. ऊस पिकवणारी, ओलिताखालची जमीन आहे. तामगाव, नेर्ली, हलसवडे या गावांकडचा जुना रस्ता विस्तारात अडला. त्या रस्त्यानं पंचतारांकित वसाहतीत कामाला जाणारी माणसं आहेत. मोटारसायकलवर, डबा मागं बांधून, पहिल्या शिफ्टला सातच्या आत पोचणारी. मुंबईचं अंतर कमी व्हावं म्हणून त्यांचं कारखान्याचं अंतर वाढलं. पर्यायी रस्त्याची त्यांची मागणी धावपट्टीच्या मागणीइतकीच न्याय्य आहे, आणि ती पुरी करायला ना मुंबईची वेळ मागावी लागते, ना दिल्लीची परवानगी. काही किलोमीटरचा पक्का डांबरी रस्ता, पावसाळ्यातही चालणारा. धावपट्टीचा पुढचा टप्पा सुरू होण्याआधी तो व्हायला हवा.